आखाजीला आलेली फोटोची गाडी

१६ जानेवारी २०२५, गुरुवार. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी धरणगाव तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या आवारात उभ्या असलेल्या तपासणीच्या गाडीत सुनंदाबाई तोताराम पाटील यांचा मॅमोग्राम काढण्यात आला. वय चोपन्न, वजन एकाहत्तर किलो, मुले तीन. चार फोटो निघाले. तक्रार काही नव्हती. अर्जातल्या ‘कुटुंबात कोणाला स्तनाचा कर्करोग झाला आहे का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण होती.

फोटो काढणारी सविता वाल्मीक बागुल ही अडतीस वर्षांची रेडिओग्राफर धुळ्याची. जळगावच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या या गाडीवर ती चार वर्षे होती. गावोगावच्या बायका गाडीला ‘फोटोची गाडी’ म्हणत आणि सविताला ‘डॉक्टरीन’. मी डॉक्टर नाही, असे ती प्रत्येकीला सांगायची. प्रत्येकीला ते पटायचे, आणि पुढच्या वाक्यात ती पुन्हा डॉक्टरीन व्हायची.

सविताची काम करण्याची रीत ठरलेली होती. थंडीत यंत्राची पाटी आधी स्वतःच्या तळहातांनी गरम करायची. मंगळसूत्र काढायला लागले तर ते कपाटात न ठेवता बाईच्याच मुठीत द्यायचे. दाब देण्यापूर्वी किती सेकंद दुखेल ते सांगायचे आणि तेवढेच दुखू द्यायचे. दिवस संपला की दोनशे पानी वहीत, नाव न लिहिता, त्या दिवशी जे नेहमीसारखे नव्हते त्याची नोंद करायची.

सुनंदाबाईंचा फोटो नेहमीसारखा नव्हता. मॅमोग्राममध्ये चरबी काळी दिसते, ग्रंथी आणि तंतू पांढरे. तीन बाळंतपणे झालेल्या, पाळी थांबलेल्या, अंगाने भरलेल्या बाईचा फोटो बहुधा काळपट येतो. हा जवळजवळ पांढराच होता, दाट विणीच्या जाळीसारखा.

जळगावला बसून फोटो वाचणाऱ्या डॉ. ज्योत्स्ना महाजन संध्याकाळी फोनवर म्हणाल्या, “ही तिशीतल्या बाईची छाती आहे. तू अर्ज बदललेस का गं?”

“नाही मॅडम. अर्ज त्यांचाच आहे.”

“मग सोनोग्राफीला बोलाव. एवढ्या पांढऱ्यात गाठ असली तरी दिसायची नाही. तीही पांढरीच असते.”

सोनोग्राफी झाली. ती स्वच्छ निघाली. एक वर्षाने पुन्हा या, असे सांगून सुनंदाबाईंना घरी पाठवले.

सविताने मात्र वहीत एक ओळ लिहिली होती : ‘धरणगाव, ५४, फार दाट. माहेर विचारायचे राहिले.’

ही ओळ तिने उगीच लिहिली नव्हती. चार वर्षांत सहा हजारांवर अर्ज भरले गेले होते. कुटुंबात कर्करोग असल्याचे त्यांतल्या फक्त एकेचाळीस बायकांनी लिहून दिले होते. हा आकडा सविताला खटकत होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिने त्या एकेचाळीस जणींना एकेक करून फोन केले. चौतीस जणींचे फोन लागले. त्यांतल्या सव्वीस जणींनी आजारी माणूस सांगितले ते सासू, नणंद किंवा जाऊ. कोणी खोटे बोलले नव्हते. लग्न होऊन तीस वर्षे झालेल्या बाईला कुटुंब विचारले की ती सासरचे सांगते. तिच्या हातून अर्ज भरून घेणारी आशाताईही तेच धरून चालते. रक्ताचे नाते मागे माहेरी राहते, आणि माहेरचे आजार तर बोलायचेच नसतात. तिथे भाच्या लग्नाच्या असतात.

“म्हणजे आपण चार वर्षं नवऱ्याच्या घराण्याची आनुवंशिकता मोजतोय,” डॉ. ज्योत्स्ना तेव्हा म्हणाल्या होत्या. त्या हसल्या, आणि मग बराच वेळ हसल्या नाहीत.

२० मार्चला गाडी साक्री तालुक्यात होती. बाजाराचा दिवस, डोंगराकडच्या बायका भाजी आणि शेंगा विकून परतताना थांबत होत्या. दुपारी दोनच्या सुमारास एक बाई पायरी चढून आत आली आणि सविता ओळखीचे हसली.

“जानेवारीत धरणगावला झाली ना तुमची तपासणी? एवढ्यात पुन्हा कशाला आलात?”

बाई जागच्या जागी थांबली. “मी कसाले जाऊ धरणगावले? मन्हं तठे कोनी नही.”

चेहरा तोच होता. डाव्या भुवईच्या वरची खळीसुद्धा तीच. पण अंग निम्मे होते. यशोदाबाई, वय चोपन्न, वजन सेहेचाळीस किलो, मुले सहा. कोरडवाहू शेती, स्वतः राबणारी. अर्जावर सगळीकडे ‘नाही’. सविताने पुढे विचारले नाही. पाटी गरम करायची गरज नव्हती, उन्हाळा लागला होता. तिने चार फोटो काढले.

पडद्यावर जे उमटले ते पाहून ती खुर्चीत मागे टेकली. तीच जाळी. दोन महिन्यांपूर्वी पाहिलेली, तशीच दाट, तशीच वरच्या बाहेरच्या बाजूला पसरत गेलेली. सुनंदाबाईंच्या फोटोत चरबीची काळी जागा थोडी अधिक होती, एवढाच फरक. आणि दुसरा एक. यशोदाबाईंच्या उजव्या बाजूला, जाळीच्या एका कोपऱ्यात, रवा सांडावा तसे बारीक पांढरे कण एकत्र आलेले होते.

डॉ. ज्योत्स्नांनी दोन्ही फोटो शेजारी लावून पाहिले. “जुळ्या आहेत. एका अंड्याच्या.”

“ती म्हणते, धरणगावला तिचं कोणी नाही.”

“ती काहीही म्हणू दे. दाटपणा बहुतांशी वारशाने येतो. जुळ्यांचे अभ्यास झालेत, बायका-बायकांमधल्या फरकाचा साठ टक्क्यांच्या आसपास हिस्सा जनुकांचा निघतो. उरलेलं वय, वजन, बाळंतपणं, औषधं. ही जाळी दोघींना एकाच ठिकाणाहून मिळालेली आहे.” त्यांनी कणांवर बोट ठेवले. “हे मात्र एकीलाच आहे. आणि हे मला आवडलेलं नाही. मोठा करून फोटो हवा, मग सुईची तपासणी. लवकर.”

अर्जावरचा मोबाइल यशोदाबाईंच्या पुतण्याचा निघाला. पहिल्या फोनला तो म्हणाला, काकू शेतात आहे. दुसऱ्याला, काकू बरी आहे, काही त्रास नाही. तिसरा फोन यशोदाबाईंनी स्वतः घेतला आणि आवाज खाली करून बोलल्या. त्यांच्या डिंपलचे लग्न दहा मे रोजी ठरले होते. मुलगा धरणगावकडचा. “मन्ही पोरनं लगीन शे. तुम्ही परत फोन करू नका, ताई. गाडी तर मन्हा गावले आनूच नका.”

फोन बंद झाला तो बंदच राहिला.

गाडी साक्रीला नेऊन त्या एका घरासमोर उभी करणे सोपे होते. मग संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळले असते की फोटोच्या गाडीने फक्त यशोदाबाईला शोधले. चार दिवसांत ते धरणगावकडे पोचले असते. सुनंदाबाईंना सांगणे आणखी सोपे होते, पण एका बाईचा अहवाल दुसरीला सांगायचा नाही, मग ती जुळी बहीण का असेना, हा नियम सविताने कधी मोडला नव्हता. डॉ. ज्योत्स्ना रोज विचारत, “आली का ती?” सविता रोज नाही म्हणे.

२ एप्रिलला सविताने सुनंदाबाईंना फोन केला. वर्षाच्या तपासणीची आठवण म्हणून नव्हे; ते तिने सरळ सांगितले. तिला दोन गोष्टी विचारायच्या होत्या.

“मावशी, तुमचं माहेर कोणतं?”

“बोरझिरं. शिरपूर तालुका. काबरं?”

“आणि आखाजीला तुमच्याकडे कोण कोण येतं?”

सुनंदाबाई हसल्या. “बठ्ठ्याच येतस. गावभरन्या पोरी. बुढ्या व्हयन्यात तरी येतस.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात सासुरवाशीण वर्षात एकदा हक्काने माहेरी येते ती या सणाला. झोके बांधतात, सांजोऱ्या आणि आमरस होतो, बाप्ये झाडाखाली पत्ते घेऊन बसतात आणि त्या दिवशी त्यांना कोणी रागवत नाही. वर्षभर तीन जिल्ह्यांत विखुरलेल्या एका गावच्या सगळ्या लेकी त्या एका दिवशी एका जागी असतात. सविताने फोन ठेवला आणि कॅलेंडर पाहिले. तीस एप्रिल, बुधवार. लग्नाला दहा दिवस उरत होते.

तिने रुग्णालयाला दोन पानी पत्र लिहिले. त्यात यशोदाबाईंचे नाव नव्हते. आपण बायकांना सासरी गाठतो आणि माहेरचा वारसा विचारतो. एकदा माहेरी जाऊन पाहू, एवढेच होते. व्यवस्थापकांनी सणाची सुट्टी आणि डिझेल यांवर प्रश्न काढले. डॉ. ज्योत्स्नांनी त्या पत्राखाली सही केली आणि स्वतः गाडीबरोबर येईन असे लिहिले. मंजुरी आली. सगळ्यात जास्त विरोध केला तो गाडीचा चालक पितांबर याने.

“ताई, आखाजीला गाडी? माझी बहीण येते नंदुरबारहून. मी घरी दिसलो नाही तर ती आमरसाचं पातेलं माझ्या डोक्यावर ओतेल.”

“तिलाही घेऊन या. तपासणी करू.”

“तिची? ती तुमच्या यंत्रालाच दाबून टाकेल.” मग थोड्या वेळाने : “किती वाजता निघायचं?”

३० एप्रिल. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी बोरझिऱ्यात पोचली आणि सुनंदाबाईंचे थोरले भाऊ प्रेमराज पाटील यांच्या ओट्यासमोर, निंबाच्या सावलीत उभी राहिली. वीज प्रेमराज यांच्या घरातून घेतली. वेळ मोजका होता. आतल्या खोलीचे तापमान तिसाच्या वर गेले की यंत्र काम थांबवते, आणि त्या आठवड्यात शिरपूरला पारा त्रेचाळीसवर होता. दुपारी एकनंतर काम होणार नाही, असे सविताने आदल्या दिवशीच कळवले होते.

आठ वाजता रांग लागली. नव्या साड्या, हातांवर मेंदी, कडेवर नातवंडे. साठीची एक बाई पायरीवरूनच ओरडली, “माय वं, आम्ही झोका खेळाले उनूत, आनि हाई बाई आमले डब्बामा कोंडस!” रांग हसली. बाहेर आल्यावर तीच बाई म्हणाली की सासूपेक्षा कमी दाबते, जा खुशाल. त्यानंतर रांग वाढली.

प्रत्येकीला सविताने एकच प्रश्न नव्याने विचारला : इथे, या गावात, तुमच्या घरात कोण कशाने गेले? सासरी ‘नाही’ म्हणणाऱ्या बायका इथे आठवू लागल्या. एकीला आठवले नाही तर रांगेतली दुसरी सांगायची. “काय वं, तुन्ही काकी नही का, जिना हात सुजेल व्हता?”

दहाच्या सुमारास दोन तपासण्यांच्या मध्ये सविता दारात उभी होती. समोर प्रेमराज पितरांची घागर पुजत होते. घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवला होता. मग ते उंबरठ्याशी बसले आणि कुंकवात बोट बुडवून उंबरठ्यावर एकेक ओढ काढू लागले. प्रत्येक ओढीला एका गेलेल्या माणसाचे नाव. राजाराम आबा. दगाजी नाना. माय. भुरामाय. तुळसाआत्या.

सविता खाली उतरली. पूजा संपेपर्यंत थांबली. मग विचारले, “दादा, आत्या तर सासरची ना? तिचं नाव इथे कसं?”

“ती आठेच वारनी, ताई. सासरवाल्यास्नी धाडी दिन्ही.” प्रेमराज बोट पुसत म्हणाले. सासरच्यांनी पाठवून दिल्यावर तुळसाआत्या याच घरात गेली होती. “छातीवर गाठ व्हती. चाळीसबी पुरी नव्हती.”

“आणि भुरामाय?”

भुरामाय म्हणजे त्यांच्या वडिलांची आई. प्रेमराज यांनी क्षणभर बहिणीकडे, सुनंदाबाईंकडे पाहिले. “तिले बी तेच.”

“आमना घरमा हाई कोनी बोलत नही,” सुनंदाबाई म्हणाल्या. “आनि माय तर तापमा गयी. आमले काय व्हनार?”

डॉ. ज्योत्स्ना गाडीच्या दारात येऊन हे ऐकत होत्या. त्यांनी फक्त एवढे सांगितले की असा वारसा बापाच्या बाजूनेही तेवढाच येतो. बापाला बहुधा काही होत नाही, तो पुढे देतो. जानेवारीच्या अर्जात प्रश्न ‘आई, बहीण’ एवढाच असता आणि सुनंदाबाईंनी अगदी खरे उत्तर दिले असते, तरी ते ‘नाही’च आले असते.

अकरा वाजले. बारा वाजले. यशोदाबाई आल्या नव्हत्या. आतले तापमान अठ्ठावीस झाले. पितांबरने गाडीच्या छतावर ओली पोती टाकली. ही कल्पना त्याची स्वतःची होती.

बारा चाळीसला शिरपूरकडून आलेल्या काळीपिवळीतून यशोदाबाई उतरल्या, मागे डिंपल. गाडी दिसताच त्या थांबल्या. सविता दारात होती. तिने ओळख दाखवली नाही. आत वळली आणि पुढचे नाव पुकारले.

हात धरला तो सुनंदाबाईंनी. त्यांना काहीच माहीत नव्हते. “चाल वं, भिऊ नको. बठ्ठ्यास्ना काढा. मी बी काढेल शे. दुखस जरासं, पन डॉक्टरीन बोलाले गोड शे.”

सगळ्या गावाच्या लेकी फोटो काढून घेत असताना एकट्या यशोदाबाईंनी नाही म्हटले असते, तर तेच सगळ्यांच्या लक्षात राहिले असते. त्या पायरी चढल्या. सविताने दार लावले. बारा एकावन्न झाले होते, आत एकोणतीस अंश.

“तुम्ही मन्हाकरता उन्यात,” यशोदाबाई म्हणाल्या.

“सकाळपासून बत्तीस जणी झाल्या. तुम्ही तेहेतिसाव्या.”

“खरं बोला.”

“तुमच्यासाठी आले,” सविता म्हणाली. “पण बाहेर कोणालाच कळणार नाही. आणि आलेच नसते तर या बत्तीस राहिल्या असत्या. त्यामुळे तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

यशोदाबाईंनी पदर तोंडाशी नेला. सविताने त्यांचे मंगळसूत्र काढून त्यांच्या मुठीत दिले. कण असलेल्या जागेचे मोठे करून दोन फोटो निघाले. बारा अठ्ठावन्नला यंत्रावर तापमानाचा दिवा लागला.

डॉ. ज्योत्स्नांनी पडदा पाहिला आणि खुर्ची यशोदाबाईंच्या अगदी समोर ओढली. कण वाढलेले नव्हते. पण त्यांचा आकार चांगला नव्हता. सुईने तुकडा घ्यायला जळगावला यावे लागेल. काय निघेल ते आत्ता सांगता येत नाही, लवकर पाहिले तर बहुतेकदा उपाय असतो, आणि थांबण्यात फायदा कोणाचाच नाही.

“लगीन व्हवू द्या.”

“लग्न दहा तारखेला. तपासणी अर्ध्या तासाची. टाका नाही, फक्त पट्टी.”

“जळगावले मी कसाले जाऊ? काय सांगू घरमा?”

सविताने थोडा विचार केला. “बस्ता कुठे काढणार आहात?”

बस्ता म्हणजे लग्नाच्या कापडाची खरेदी. दोन्हीकडची माणसे एकत्र जाऊन दिवसभर दुकानात बसतात आणि त्या दिवशी घरच्या बाईला कुठे होतीस असे कोणी विचारत नाही. तो शुक्रवारी, दोन तारखेला, शिरपूरला ठरला होता.

“जळगावला काढा,” सविता म्हणाली. “तिथे दुकानंही मोठी आहेत.”

बस्ता जळगावला नेण्याचे काम सुनंदाबाईंनी केले. त्यासाठी यशोदाबाईंनी त्याच दुपारी, झोक्याच्या दोरीला धरून, बहिणीला सगळे सांगितले. सुनंदाबाईंनी आधी त्यांना शिव्या घातल्या. साक्रीला बसून माझ्या गावात तुझे कोणी नाही म्हणतेस, मग हा जवाई कोणी शोधला, मीच ना? मग त्या आत गेल्या आणि व्याह्यांना फोन लावून शिरपूरच्या शालूंची इतकी निंदा केली की पलीकडून आपण होऊन जळगावचे नाव निघाले.

२ मे. दुकानात नवरीचा शालू निवडायला पावणेदोन तास लागले. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी दोघी बहिणी ब्लाऊजपीस जुळवायला म्हणून बाहेर पडल्या. सव्वाबाराला यशोदाबाई रुग्णालयातल्या टेबलावर होत्या. सविता डोक्याशी उभी होती. एक वाजून दहा मिनिटांनी दोघी दुकानात परत आल्या. ब्लाऊजपीस आणायचे त्या विसरल्या होत्या. त्यावरून जावेने यशोदाबाईंना बरेच ऐकवले.

निघताना यशोदाबाईंनी सविताकडून वचन घेतले होते : अकरा तारखेच्या आधी फोन करायचा नाही.

अहवाल ९ मे रोजी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आला. साक्रीला तेव्हा हळद चालू होती. कर्करोग होता. दुधाच्या नळ्यांच्या आतच होता. नळीची भिंत त्याने कुठे ओलांडलेली दिसत नव्हती.

डॉ. ज्योत्स्नांनी फोन उचलला. सविता म्हणाली, “मॅडम, दोन दिवसांनी उपचारात काही फरक पडेल?”

“नाही.”

“मग ठेवा.”

लग्नाचे आवतण सुनंदाबाईंनी सविताला स्वतः दिले होते. जाणे तिला टाळता आले असते, पण गेली नसती तर यशोदाबाईंनी त्याचाही अर्थ लावला असता. ती गेली. मांडवात यशोदाबाई पंगतीत वाढत फिरत होत्या. सवितापुढे येऊन त्यांनी ताटात वरण घातले, तुपाची धार सोडली आणि तिच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिले.

“आज मी काही इचारस नही,” त्या म्हणाल्या. “जेव.”

सविता जेवली. पितांबर तिला आणायला आला होता. त्याने नंतर सांगितले की ताईंनी दोनदा भात घेतला.

११ मे, रविवार, सकाळी आठ पाच. फोन यशोदाबाईंनीच केला. सविताने डॉ. ज्योत्स्नांनाही त्याच फोनवर जोडून घेतले; जे आहे ते त्यांनी सांगितले, काही न वाढवता आणि न लपवता. यशोदाबाईंनी एकच प्रश्न विचारला : आखाजीच्या आधी आले असते तर? डॉ. ज्योत्स्ना म्हणाल्या, आत्ता आलात तेही वेळेवरच आहे.

शस्त्रक्रिया २० मे रोजी झाली. काखेतल्या लसीकागाठींत काही सापडले नाही.

एक प्रश्न डॉ. ज्योत्स्नांनाही सुटलेला नाही. दोघी बहिणींचे जनुक एकच. पुस्तकाप्रमाणे धोका असायला हवा होता तो सुनंदाबाईंना : वजन जास्त, मुले कमी, बसून काम. झाला तो सहा मुलांना पाजलेल्या, हडकुळ्या, दिवसभर शेतात असणाऱ्या यशोदाबाईंना. सविताने दोघींना समोरासमोर बसवून चोपन्न वर्षे विचारून काढली. पाळी कधी आली, पहिले मूल कधी, किती महिने पाजले, कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या, चूल कधी सुटली, फवारणीला कोण जाते. वहीची नऊ पाने भरली. डॉ. ज्योत्स्नांनी ती दोनदा वाचली.

“काय निघालं?” सविताने विचारले.

“दोन बायकांवरून काही निघत नसतं. पण असं कोणी लिहून ठेवलेलं मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही.” त्यांनी वही परत दिली. “अशा दोनशे जोड्या आण.”

“आखाजी वर्षातून एकदाच असते, मॅडम.”

जूनपासून गाडीवरचा अर्ज बदलला आहे. ‘कुटुंब’ हा शब्द काढून त्या जागी सविताने लिहिलेला प्रश्न छापला आहे : तुमच्या माहेरी आखाजीला उंबरठ्यावर कोणाकोणाची नावे घेतात? त्यांतल्या बायका कोणत्या वयात, कशाने गेल्या? ज्यांच्या घरी ती रीत नाही त्यांच्यासाठी खाली आजी, आत्या, मावशी, चुलत्या असे सरळ रकाने आहेत. पहिल्या महिन्यात चारशे बारा अर्ज भरले गेले. त्यांतल्या अडतीस जणींनी ‘हो’ लिहिले.

११ जूनला दोघी बहिणींचे रक्त जनुकांच्या तपासणीसाठी पाठवले. डॉ. ज्योत्स्नांनी त्यांना बजावले होते की फोटोतला दाटपणा हा एक वारसा आणि ही तपासणी शोधते तो दुसरा. एक आहे म्हणून दुसरा असेलच असे नाही. दोष निघाला तर तो दोघींतही निघेल, आणि दोघींच्या नऊ मुलांपैकी प्रत्येकाला तो मिळालेला असण्याची शक्यता निम्मी. मुलग्यांनाही.

३ जुलैला संध्याकाळी सविताला अनोळखी नंबरवरून फोन आला. डिंपल होती, धरणगावकडून, सासरहून. मागे कुकरची शिट्टी वाजत होती आणि ती अगदी हळू बोलत होती.

“ताई, मायनं मला सांगितलं. मी यांनाही सांगितलं.”

“काय म्हणाले ते?”

“जेवले आणि बाहेर गेले.” मग तिने विचारले, “रिपोर्ट आला का?”

नाही, असे सविताने सांगितले. आला की आधी आईला कळवीन, तू आईला विचार.

५ जुलै, शनिवार, सायंकाळी सहापर्यंत अहवाल आलेला नाही.